तंबूतला डांबरगोळीचा वास

काल गॅरेजमध्ये तंबूची घडी घालताना पिशवीच्या तळाशी डांबरगोळीचा बारीकसा तुकडा सापडला. एवढ्या वर्षांनीही वास तसाच उग्र होता.

त्या वर्षी आई ठाण्याहून आमच्याकडे सिडनीला राहायला आली होती. हिवाळ्यापुरतं कॅम्पिंगचं सामान तिनेच ठेवलं. तंबू दोन दिवस उन्हात वाळवला, स्लीपिंग बॅगा जुन्या साडीत गुंडाळल्या आणि घरच्या सवयीने सगळ्यात डांबरगोळ्या टाकल्या. डिसेंबरात, इथल्या उन्हाळ्यात, आईलाही घेऊन मित्रांबरोबर समुद्राकाठी तंबू उभारला, तर आत कुणाला बसवेना.

“काकू, हा तंबू आहे की तुमचं शालूंचं कपाट?” एक मित्र म्हणाला. सगळे हसले, आईसुद्धा हसली. मी मात्र ओशाळलो आणि सर्वांसमोर ओरडलो, “तुला कुणी सांगितलं होतं गं सामानाला हात लावायला?”

मीच सांगितलं होतं. “आई, प्लीज, एवढं नीट ठेवून दे, मला वेळ नाहीये.”

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मित्रांना म्हणाली, “माझंच चुकलं. तो नकोच म्हणत होता.”

तेव्हा मला चक्क हायसं वाटलं. आज ती नाही. माझ्यासाठी ती खोटं बोलली, हे मी आत्ता पहिल्यांदा कबूल करतोय.