पेरूच्या झाडाला टांगलेला फोन

माफ करा, फौजेबद्दल लिहायचा मला अधिकार नाही. फौजी माझा भाऊ. मी घरातून कॉलेजात गेलेला पहिला, तेवढ्या जोरावर लिहितो आहे.

दादा तेव्हा बर्फातल्या चौकीवर होता. आठ-दहा दिवसांनी त्याचा फोन यायचा. आम्हाला तिकडे लावता येत नसे. नवेगाव बांधजवळच्या आमच्या गावात रेंज फक्त परसातल्या पेरूला. म्हणून मोबाइल टोपलीत घालून फांदीला टांगलेला. खाली काढला की कटायचा. बाजेवर चढून, मान वर करून बोलायचं.

वहिनीला डॉक्टरच्या तारखेच्या पंधरा दिवस आधीच मुलगी झाली. पत्र टाकलं, पण बर्फाने वाट बंद. नाव दादाच ठेवणार होता, त्यामुळे बारसं अडलेलं.

पोरगी पाच दिवसांची असताना फोन वाजला. मी चढलो. एवढी मोठी बातमी मी कशी सांगू? "थांब दादा, बाबाले देतो."

बाबा म्हणाले, "धानाचा रोवणा आटोपला. बैल लंगडून राहिला."

माय चढली. "जेवला का रे? स्वेटर घालतं का?"

शेवटी वहिनी. समोर मामाजी, म्हणजे बाबा, उभे बघून तिने पदर ओढला. "हो... बरी आहे..." आणि फोन कटला.

"सांगतलं न?" मायने विचारलं. वहिनी रडू लागली.

"मले वाटलं, तू सांगशीन," बाबा मायला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "अन् तू कायले जातं रे कॉलेजात?"

वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बिनानावाच्या पोरीला माय चिमणी म्हणे, बाबा सुभेदार, शेजारीण बटाटा. वहिनी कुठल्याच नावाने हाक मारत नसे. टोपलीखालीच बसून राही.

पुन्हा फोन वाजला तेव्हा बाबा उठले. "मी गोठ्यात जातो," ते उगाच मोठ्याने म्हणाले. माय चुलीकडे गेली. वहिनी पोरीला घेऊन बाजेवर चढली. बाज डुगडुगत होती, मी तिचा एक पाय धरून ठेवला.

गोठ्यामागून आवाज आला, "सांगून टाक बाई, फोन कटन!"

टोपलीतून दादा ओरडत होता, "हॅलो! बैल कसा आहे?"

"बैल बरा आहे," वहिनी म्हणाली. "अन् आपल्याले पोरगी झाली. चौदा दिवसांची आहे. नाव सांगा लवकर."