बापाचा तोंडवळा

पितृमुखी कन्या सुखी म्हणतात. आमच्या सारसोळे गावात माझ्याकडे बघून हे इतक्या जणांनी म्हटलंय की लहानपणी मला ते माझं दुसरं नावच वाटायचं. बापूसचंच नाक, तीच रुंद हनुवटी, हसताना एका बाजूला जाणारं तोंड. धाकटा भाऊ मात्र आईवर गेलेला, गोरा, नाजूक. मुलगी बापासारखी, मुलगा आईसारखा, म्हणजे दोघंही नशीबवान, असा निकाल आळीने देऊन टाकला होता.

बापूस पंचेचाळिशीही न गाठता आतड्याच्या कॅन्सरने गेला. त्याच्या बापाचंही पोटाचंच दुखणं. कुणी ताडीला बोल लावला, कुणी खाडीत सुटणाऱ्या केमिकलला, एका काकीने करणीला. मी कशालाच बोल लावला नाही, मी फक्त घाबरले. लग्न होऊन सानपाड्याला आले तरी भीती सोबत आली. वडापावने गॅस झाला तरी आता आपलं संपलं असं धरून मी कपाटं आवरायला घ्यायचे. तुझं पोट दुखलं की घर स्वच्छ होतं, असं नवरा चिडवायचा.

मग ऐरोलीच्या आत्याला तोच आजार निघाला. तिच्या रक्ताची जनुकीय तपासणी झाली तेव्हा कळलं की आमच्या घराण्यात एका जनुकात बदल आहे, तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, आणि तो ज्यांच्यात असतो त्यांना आतड्याचा कॅन्सर कमी वयात होण्याचा धोका बराच जास्त. बापूसमध्येही तो असणार, तेव्हा तुम्ही भावंडं तपासून घ्या, असा निरोप आत्याने धाडला.

आईने निरोप ऐकला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. त्या दिवसापासून माहेरी माझ्या ताटात मासळीचा मोठा तुकडा पडू लागला. मला ते अजिबात आवडलं नाही. भावाला तर कुणी विचारलंही नाही. तो आईसारखा ना.

मी रक्त दिलं. रिपोर्ट येईपर्यंत आरशात बघायचं टाळलं, केस अंदाजाने विंचरले. रिपोर्ट आला तर माझ्यात तो बदल नव्हता. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंना मी तो पुन्हा वाचायला लावला आणि विचारलं, मग हा चेहरा? त्या म्हणाल्या, चेहऱ्याचा याच्याशी काही संबंध नाही. बापाकडून हा बदल येण्याची शक्यता प्रत्येक मुलाला निम्मी. घरांच्या सोडतीत एकाचा नंबर लागला की एक घर कमी होतं, इथे तसं नसतं. प्रत्येक मुलासाठी चिठ्ठी नव्याने काढली जाते.

माहेरी पेढे वाटले. भाऊ सगळ्यात खूश. "तू बापासारकी, तुला नाय. मंग मना कशाला व्हईल?" मी चिठ्ठीचं सांगितलं तर हसून म्हणाला, तुला टेन्शनशिवाय करमतच नाही. इतकी वर्षं मला माझ्या पोटाची भीती वाटायची, आता त्याच्या पोटाची वाटू लागली. बापूस ज्या वयात गेला त्या वयाला तोही आता टेकला होता. माझा प्रत्येक फोन तपासणीवरच येऊन थांबायचा, मग त्याने माझे फोन घेणंच बंद केलं.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर त्याने खिशातून पाकीट काढलं. मी ताट मागे घेतलं. "पैसे नको, साडी नको. तपासणी कर. ओवाळणीत तेवढंच मागते."

सणासुदीला असलं अभद्र बोलू नये, म्हणून आई माझ्यावरच उखडली. भाऊ न जेवता उठला. परत येताना मला वाटलं, बाप गेलाच होता, आता भाऊही घालवला. पण भाऊबीजेला बहिणीने तोंडाने मागितलेलं भावाने नाकारायचं नसतं. फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत तो एकटाच जाऊन रक्त देऊन आला.

रिपोर्ट घ्यायला मात्र मला बोलावलं. त्याच्यात तो बदल होता. जिना उतरताना तो एवढंच म्हणाला, "झाला तुजा समाधान?" त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

बदल असला म्हणजे रोग होतोच असं नाही, पण आतड्याची दुर्बिणीने तपासणी वरचेवर करावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. पहिल्याच वेळी आत दोन छोट्या गाठी दिसल्या. त्या तिथल्या तिथे काढल्या. कॅन्सर अजून नव्हता. अजून काही वर्षं तशाच राहिल्या असत्या तर, एवढं बोलून डॉक्टरांनी वाक्य सोडून दिलं.

गुंगी उतरत असताना भावाने माझा हात धरला. त्याला एक मुलगी, एक मुलगा.

"पोरांना तू सांग, ताई. मना नाय जमनार."

मी हो म्हटलं. समुपदेशक बाईंच्या मते मुलांची तपासणी अठरा पूर्ण झाल्यावरच करायची, आणि त्याच्या मुलीला येत्या वर्षी अठरा होतील. सध्या ती सुट्टीत माझ्याकडे राहायला आलीय. आज जेवण झालं की सांगू, असं मी रोज ठरवते, आणि रोज तिला आणखी थोडं वाढते.