व्हरांड्यातले दोन वर्ग

नातीची वेणी घालता घालता आजोबांनी तिला त्रिकोणाविषयी विचारलं. वेणी त्यांना कधीच धड जमली नाही. केस ओढले जायचे आणि पोरगी कुरकुरायची, म्हणून तिचं लक्ष दुसरीकडे लागावं एवढाच त्यांचा हेतू. नात आरशात बघत घडाघडा म्हणाली, "त्रिकोणाला तीन बाजू असतात आणि तो शेवटी समुद्राला मिळतो."

आजोबा पोट धरून हसले. मग आरशातला तिचा चेहरा पाहून गप्प झाले. ती थट्टा करत नव्हती.

पोरीच्या कानांत काही दोष असावा असं त्यांना वाटलं. डॉक्टरांनी दोन्ही कान तपासले आणि म्हणाले, तुमच्यापेक्षा चांगले आहेत, उगीच काळजी करू नका. पण आजोबांचा तो स्वभावच नव्हता. वस्तू बिघडलीय म्हटल्यावर कुठे बिघडलीय ते सापडेपर्यंत त्यांना चैन पडत नसे.

त्यांचा धंदाच तसा होता. नगरपालिकेच्या शाळेच्या फाटकासमोर, पत्र्याच्या एका छपराखाली, ते बॅगा दुरुस्त करत. तुटलेले बंद, उसवलेल्या कडा आणि मुख्य म्हणजे चेन. सगळी गल्ली त्यांना चेनवालेच म्हणायची. दाभण, मेणाचा दोरा, चेन ओढायच्या निरनिराळ्या मापांच्या रनरांनी भरलेला डबा, आणि बसायला स्टूल, इतका संसार. घरचा संसार त्याहून लहान. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. जावई गेला तेव्हा मुलगी दूरच्या शहरात एका दवाखान्यात कामाला लागली आणि नातीला त्यांच्याकडे ठेवून गेली. शाळेची शेवटची घंटा झाली की नात रस्ता ओलांडून यायची, आजोबा दुकान आवरायचे, आणि दोघं घरी जायची.

एका दुपारी त्यांनी काम बाजूला ठेवलं आणि शाळेत जाऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसले. एकाच व्हरांड्यात दोन वर्ग पाठीला पाठ लावून बसले होते. इकडच्या बाई भूमिती शिकवत होत्या, तिकडच्या बाई नद्या. दोघीही ओरडून ओरडून घामाघूम झालेल्या. कडेच्या मुलांना आपापल्या बाई ऐकू येत होत्या. मधल्या रांगांना दोघी. नात बरोबर मधे बसली होती.

व्हरांड्यामागे चांगली ऐसपैस खोली होती. दाराला कुलूप. फटीतून आजोबांनी आत पाहिलं: रस्त्यावरचे मोडके दिवे, रंगाचे डबे, बांबू, गुंडाळलेल्या ताडपत्र्या. वॉर्ड ऑफिसला सामान ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी शाळेची खोली घेतली होती. थोड्या दिवसांसाठी, असं तेव्हा सांगितलं होतं म्हणे. त्या खोलीत शिकलेली शेवटची मुलं आता मिसरूड फुटून कॉलेजात गेली होती.

आजोबा शाळा समितीवर होते. दुपारी मोकळा असलेला दुसरा कुणी पालक सापडला नव्हता, हीच त्यांची लायकी. तोवर बैठकीत बसायचं, चहा घ्यायचा, सगळ्यांनी हात वर केला की आपणही करायचा, एवढंच त्यांचं काम होतं. त्या महिन्यात मात्र त्यांनी खोलीचं विचारलं. शाळेच्या मोठ्या बाई कपातल्या चहाकडे बघत म्हणाल्या, हो, ते वर कळवलेलं आहे.

वर म्हणजे कुठे, हे शोधायला आजोबा वॉर्ड ऑफिसात गेले. तिथे महिन्यातून एकदा नागरिकांची गाऱ्हाणी ऐकायचा दिवस असे. टोकन घ्यायचं आणि नंबर येईपर्यंत बाकावर बसायचं. पहिल्या वेळी तीन पालक त्यांच्याबरोबर आले, मोठ्या उत्साहात. पुढच्या वेळी दूधवाला आला नाही. त्याला गोठ्याच्या परवान्यावर नगरसेवकाची सही हवी होती. मग रिक्षावाल्याला काम निघालं. शिवणकाम करणारी एक ताई शेवटपर्यंत टिकली होती, पण तिच्या नवऱ्यानं तिला काय सांगितलं कुणास ठाऊक, ती आजोबांना बघून फूटपाथ बदलू लागली. चहाच्या टपरीवर हसू सुरू झालं. "या, या, शिक्षणमंत्री," टपरीवाला म्हणायचा, "आज कुणाला नापास केलंत?" आजोबाही हसायचे. पण हळूहळू त्यांनी चहा दुकानातच मागवायला सुरुवात केली.

मुलगी फोनवर म्हणायची, बाबा, कशाला त्यांच्या नादी लागता, तिचं या शाळेतलं शेवटचंच वर्ष आहे, निघून जाईल. आजोबांना नेमकं तेच खुपत होतं. शेवटचं वर्ष होतं, आणि ते निदान भिंतींच्या आत बसून शिकावं एवढंच त्यांना हवं होतं. दुसरंही एक होतं, ते त्यांनी मुलीला सांगितलं नाही. नात शाळेत आहे तोवरच ते समितीवर होते.

त्यांच्या खेपांना कंटाळून म्हणा, वॉर्ड ऑफिसानं अखेर कळवलं की तपासणी अधिकारी स्वतः येऊन पाहतील. तारीखही ठरली.

त्या दिवशी आजोबा धुतलेला सदरा घालून शाळेत गेले आणि व्हरांड्याच्या टोकाला थबकले. व्हरांडा रिकामा होता. खोलीचं दार सताड उघडं. आत फरशी धुतलेली, बाकं ओळीनं मांडलेली, फळ्यावर तारीख. खिडकीशेजारी नात बसली होती. तिनं आजोबांना पाहिलं आणि अशी हसली, की एवढं खुललेलं तिला त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

अधिकारी घाईत होते. समितीचा पालक म्हणून आजोबांना पुढे करण्यात आलं. "काय आजोबा," अधिकाऱ्यांनी विचारलं, "काही तक्रार आहे का?"

"नाही साहेब," आजोबा म्हणाले. "आता काही नाही." आणि वर सगळ्यांदेखत त्यांनी मोठ्या बाईंचे आभार मानले.

त्यांच्या धंद्यात नवा रनर बसला, चेन एकदा वरखाली फिरवून पाहिली, की काम झालं. दुरुस्त झालेली वस्तू मालक घरी नेऊन मुद्दाम पुन्हा मोडत नाही. माणसं असंही करत असतील हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

आठवडाही सरला नाही तोच फाटकाशी टेंपो येऊन उभा राहिला. आजोबा एका दप्तराचा बंद शिवत होते. टेंपोतून बांबू उतरले, रंगाचे डबे उतरले, मोडके दिवे उतरले. दुपारी व्हरांड्यातून पुन्हा दोन बाईंचे आवाज येऊ लागले.

आजोबा तसेच उठून मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. त्यांना भांडायचं होतं. पण बाईच आधी बोलल्या, आणि अगदी हळू.

"मला नोकरी करायची असते, चेनवाले. मी काय बोलणार होते? साहेबांनी विचारलं तेव्हा मी तुमच्याकडे बघत होते. वाटलं, निदान तुम्ही तरी सांगाल."

आजोबा परत स्टुलावर येऊन बसले आणि त्यांनी तोच बंद उसवून पुन्हा शिवला.

त्या रात्री त्यांनी मुलीला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. सहामाही संपली की येऊन मी तिला घेऊन जाते, इतकंच म्हणाली. तिकडे दवाखान्याजवळ बरी शाळा आहे, एका मैत्रिणीची मुलगी सोबतीला आहे. आजोबांनी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आपण पोरीला बोलवून घेतो ते तिच्या शिक्षणासाठी, बापाला शिक्षा म्हणून नव्हे, हे मुलीनं न विचारताच दोनदा सांगितलं. त्यामुळेच आजोबांना ते जास्त लागलं.

नात गेली. निघताना तिनं वेणी स्वतःच घातली होती, आणि ती आजोबांनी घातलेल्या वेणीपेक्षा सरळ होती.

आता शेवटची घंटा व्हायची, मुलं रस्ताभर सांडायची आणि विरून जायची, पण आजोबा उठत नसत. दुकान आवरायला काही कारण नव्हतं. सुईत दोरा ओवता येईनासा होईपर्यंत ते बसून राहत. पावलं मोजत चालल्यासारखे सावकाश घरी जात. शाळेच्या शिपायानं एकदा मान खाली घालून सांगितलं की समितीवर दुसरे पालक घेतलेत, तुम्ही आता येऊ नका, बाईंनी सांगायला लावलं. "बरं," आजोबा म्हणाले, आणि त्याच्या पिशवीची निसटलेली चेन बसवून दिली.

व्हरांड्यातले आवाज मात्र रोज ऐकू येत. त्रिकोण आणि नद्या संपून आता अपूर्णांक आणि राजांची घराणी चालली होती. मधल्या रांगेत आता कोण बसत असेल, असं त्यांच्या मनात येई.

गाऱ्हाण्यांच्या दिवशी ते वॉर्ड ऑफिसात गेले. खिडकीमागचा कारकून नवा होता, तरुण, बोलायला नीट.

"विषय?"

"शाळेची खोली."

"शाळेत तुमचं कोण आहे?"

"कुणी नाही."

"समितीवर आहात?"

"होतो."

कारकुनानं संगणकात पाहिलं. "इथे तर तपासणीत काहीच तक्रार नाही असं दिसतंय. पालकानं स्वतः तसं सांगितलंय."

"तो पालक मीच. माझं चुकलं."

तरुणानं हात की-बोर्डवरून काढला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मग आजोबा, आता तुम्हाला नक्की त्रास काय आहे?"

"मला नाही. मधल्या रांगेतल्या मुलांना नीट ऐकू येत नाही."

"कानांचं असेल तर आरोग्य खातं वरच्या मजल्यावर..."

"कान चांगले आहेत," आजोबा म्हणाले. "मी दाखवून आणलेत."

कारकुनाला हसावं की नाही ते कळेना. त्यानं टोकन फाडून दिलं आणि सांगितलं, वेळ लागेल, पुष्कळजण आहेत पुढे. आजोबांनी मान डोलावली. भिंतीशी एक लांब बाक मोकळा होता. त्याच्या एका कडेला ते बसले आणि पिशवी शेजारी ठेवली. मग दाराकडे पाहिलं, आणि पिशवी उचलून मांडीवर घेतली. शाळेतलं कुणी आलंच, तर बसायला जागा असावी.