रविवारची भांडी

ऐंशीच्या दशकात आम्ही भांडुपला राहायचो. सहा दिवस ऑफिसात टाइपरायटर बडवून माझा पिट्टा पडायचा, त्यामुळे रविवार म्हणजे रविवार. चर्चहून आलं की मी कशाला हात लावत नसे. स्वयंपाक, इस्त्री, पाणी भरणं, सगळं शनिवारीच उरकायचं. प्रभूचा दिवस पाळायचा तर नीट पाळावा, असं मी चर्चच्या मंडळीतल्या बायकांना ऐकवायचे. जरा तोऱ्यातच.

शनिवारची पातेली आणि रविवारची ताटं मात्र मोरीत साठायची. ती घासायला रविवारी दुपारी बाई यायची. ती टेकडीवरच्या वस्तीत राहायची. नवरा नव्हता, आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती. बाकीची घरं तिला रविवारी सुट्टी द्यायची, आमचंच एक उरायचं. ते मला ठाऊक होतं आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं.

एका रविवारी ती आलीच नाही. चार वाजले, मोरीत वास सुटला, माझं डोकं फिरलं. नवरा म्हणाला, "राहू दे ना, उद्या येईल."

"आज सोडलं तर दर रविवारी डोक्यावर बसेल," मी म्हटलं आणि तरातरा टेकडी चढले.

ती दारातच बसली होती. मुलीला पुढ्यात घेऊन तिची वेणी घालत होती, अगदी सावकाश. आजारी नाही, पाहुणे नाहीत, काही नाही.

"काय गं, आज दांडी?"

"तुमच्यासारखं बसून बघितलं, ताई." आवाजात टोमणा नव्हता. "ही सकाळपासून मागे लागलेली, आज जाऊ नको म्हणून. तिला शाळा नसते ना रविवारी."

मी काही बोलायच्या आत पोरगी उठली. अर्धी वेणी तशीच सोडून तिनं आईची चप्पल आणली आणि तिच्या पायाशी ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं. मला बघूनच तिला कळलं होतं की रविवार संपला.

मी हादरले. इतकी वर्षं मी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसत होते आणि या पोरीची सुट्टी माझ्या मोरीत जात होती. मला माझीच लाज वाटली.

"वेणी पुरी कर तिची," एवढंच म्हटलं आणि खाली उतरले.

घरी येऊन पदर खोचला, मोरीत बसले. नवरा दारात येऊन बघतच राहिला.

"अगं, आज रविवार ना?"

"हो, तिचाही," मी म्हटलं आणि कढई पुढे ओढली.