काकूंच्या हातच्या प्लेट्स

काकूंना मी बावीस वर्षं पाण्यात पाहिलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागले तर कुणाचा गैरसमज नको.

आमची प्रयोगशाळा जंतूंची. जुलाबांनी माणसाला आडवं करणारा एक जंतू आमच्याकडे वर्षानुवर्षं पाळलेला आहे. हा जंतू एकटा असतो तेव्हा गरीब गाय. पण एक विषाणू त्याच्या अंगात शिरून मुक्कामाला राहिला, की तीच गाय विष तयार करायला शिकते. विषाणूंची दुसरी एक जात अशी, की ती शिरली की जंतूच फुटून मरतो. कोण कुणात शिरतं आणि पुढे काय होतं, हे शोधण्यात मोठ्या बाईंचं, म्हणजे आमच्या प्रमुख शास्त्रज्ञांचं, उभं आयुष्य गेलं.

पण जंतू पाळायचे तर त्यांना जेवायला घालावं लागतं, आणि ते काम काकूंचं. घट्ट करणारी पूड, मीठ आणि मांसाचा अर्क पाण्यात घालून शिजवायचं, निवू द्यायचं आणि चपट्या झाकणाच्या बश्यांत ओतायचं. गोठलं की झाली प्लेट. ऐकायला सोपं वाटतं. फार गरम ओतलं तर झाकणाला घाम सुटतो आणि थेंब पडून सगळं वाया जातं. फार गार ओतलं तर गुठळ्या होतात. मी थर्मामीटर बुडवून, आकडा बघून ओतायचे, तरी दहातल्या दोन बिघडायच्या. काकू फ्लास्क फडक्यात धरून डाव्या गालाला लावायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "अजून दोन मिनिटं." दोन म्हणजे दोनच.

"काकूंच्या हातची प्लेट आहे ना? मग बिनधास्त वापरा," मोठ्या बाई म्हणायच्या. माझ्यासमोर म्हणायच्या! मी पदवी घेतलेली, सूक्ष्मजीवशास्त्रात वर्गात दुसरी आलेली. काकू एकोणिसाव्या वर्षी इथे बाटल्या धुवायला लागल्या, शाळा त्याआधीच सुटलेली. धुता धुता बघितलं, बघता बघता शिकल्या. नवरा शिंपी, मुलगी परिचारिका, घर प्रयोगशाळेच्या मागच्याच गल्लीत. मला त्या नावाने हाक मारायच्या नाहीत, 'पदवीधर' म्हणायच्या. "पदवीधर, झाकण उलटं ठेवलंस बघ." सगळे हसायचे, मीही हसायचे, आणि घरी जाऊन नवऱ्याचं डोकं खायचे.

काकूंकडे एक वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, जाड. रोज काम झालं की त्या टेबलाच्या कोपऱ्यात बसून तिच्यात काहीतरी लिहायच्या आणि ती खिडकीशी, प्लेट्सच्या पलीकडे ठेवायच्या. मला पक्की खात्री होती, की सगळी गोम त्या वहीत आहे. किती पूड, किती उकळी, कुठली युक्ती. सरळ विचारायला जीभ रेटेना. पदवीधर बाईने बाटलीवालीला काय विचारायचं?

मागच्या वर्षी मोठ्या बाईंनी चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं, की एकाच जंतूला रोज नव्या प्लेटवर वाढवत न्यायचा आमचा लांबलचक प्रयोग संपत आला आहे, आणि त्यावरच्या शोधनिबंधात काकूंचं नाव येईल. आभाराच्या ओळीत नाही, वर, लेखकांमध्ये. काकूंनी कप खाली ठेवला आणि पदर डोळ्याला लावला. मी टाळ्या वाजवल्या. माझं नाव त्या यादीत नव्हतं. बावीस वर्षं मी काय माश्या मारत होते? खरं सांगते, त्या आठवड्यात मला धड जेवण गेलं नाही.

आता आमचा एक नियम ऐका. जंतू मारणाऱ्या विषाणूंची खोली वेगळी. तिथले कोट वेगळे, बाहीवर पिवळी पट्टी असलेले. त्या पट्ट्या काकूंच्या नवऱ्यानेच शिवून दिल्या होत्या. तो कोट त्या खोलीतच काढून ठेवायचा, आणि जो त्या दिवशी तिथे गेला त्याने काकूंच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. डोळ्याला न दिसणारा कण बाहीवर बसून आला, की जंतूंचा निकाल लागलाच.

नावाची बातमी कळल्यावर महिन्याभरातल्या एका गुरुवारी मी पिवळ्या पट्टीच्या कोटात काम करत होते. दुपारी काकू दाढ दाखवायला गेल्या. त्यांची खोली उघडीच होती. मी विचार केला, आता नाही तर कधीच नाही. कोट काढायचं लक्षात नव्हतं असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगितलं. लक्षात होतं. काढायला आणि पुन्हा घालायला वेळ जाईल म्हणून काढला नाही.

प्लेट्स झाकणं अर्धी सरकवून वाळत ठेवल्या होत्या. मी त्यांच्यावरून हात लांब करून वही ओढली आणि एक पान उघडलं. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. वही होती तशी ठेवून मी बाहेर पळाले. वाचलं काहीच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

चार दिवसांनी प्रयोगातले जंतू मेले. प्लेटवर त्यांची एकसारखी साय धरायला हवी होती, तिथे कसर लागलेल्या शालीसारखी भोकंच भोकं. महिन्याच्या सुरुवातीचे नमुने गोठवून ठेवले होते म्हणून बरं, तरी तीन आठवड्यांचं काम पाण्यात गेलं. मोठ्या बाईंनी सगळ्यांना उभं केलं.

"त्या खोलीत कोण गेलं होतं?"

मी नखं बघत राहिले.

"कुणी नाही बाई," काकू म्हणाल्या. "प्लेट्स माझ्या आहेत. खोली उघडी टाकून मीच गेले होते. चूक माझी."

मोठ्या बाईंनी भोकं पडलेली एक प्लेट उजेडात धरून पाहिली. मग म्हणाल्या, की निबंधातल्या नावाचा त्यांना पुन्हा विचार करावा लागेल. दुसऱ्या दिवसापासून काकू आपण होऊन बाटल्या धुवायच्या खोलीत गेल्या, जिथून अडतीस वर्षांपूर्वी निघाल्या होत्या. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. प्लेट्सची खोली मला मिळाली. पुढच्या आठवड्यात बाई म्हणाल्या, "यादीत एक जागा रिकामी आहे. तुमचं नाव घालू या का?" मी हो म्हणाले. आयत्या बिळावर नागोबा.

नवऱ्याला सांगितलं तर तो खूश झाला, मिठाई आणतो म्हणाला. मी त्याच्यावर उगाचच खेकसले.

वही काकूंनी नेली नव्हती, खिडकीशी तशीच होती. आता ती उघडायला मला कुणी अडवत नव्हतं, तरी महिनाभर धीर झाला नाही. मग एक दिवस दार लावलं, बसले, पहिल्या पानापासून वाचायला घेतली. युक्ती एकही नव्हती. पानामागून पान नुसत्या चुका. 'अकरा प्लेट्स बिघडल्या. गार ओतल्या. मुलीला ताप होता, लक्ष नव्हतं.' 'मीठ दोनदा पडलं. बोलत होते.' 'गालाचा अंदाज चुकला, बाहेर ऊन होतं, गाल आधीच तापलेला.' प्रत्येक चुकीला तारीख आणि वेळ. सुरुवातीला पानाला दहा चुका, शेवटी शेवटी महिन्याला एक. ही बाई माझ्यापेक्षा जास्त चुकली होती! फक्त तिने त्यातली एकही वाया जाऊ दिली नव्हती. मी माझ्या चुका थर्मामीटरवर ढकलत बसले.

शेवटची नोंद त्या सोमवारची. 'जंतू मेले. विषाणू कसा आला कळत नाही. खोली उघडी टाकली. चूक माझी.' खाली अर्धं पान कोरं होतं.

मला रडू आलं नाही, राग आला. माझी चूकसुद्धा यांनी आपल्या नावावर घेतली! तेवढीही माझी राहू दिली नाही. मी पेन काढलं आणि खाली लिहिलं, की त्या गुरुवारी मी पिवळ्या पट्टीच्या कोटात आत आले, उघड्या प्लेट्सवरून हात नेला, वही चोरून बघायला. चूक माझी. मग वही घेऊन बाटल्यांच्या खोलीत गेले.

काकूंचे हात कोपरापर्यंत फेसात होते. त्यांनी ते पुसले, चष्मा लावला आणि वाचलं. मला वाटलं, जवळ घेतील. कसलं काय!

"सहा आठवडे मी इथे बाटल्या घासते," त्या म्हणाल्या, "आणि तू आज सांगतेस? आमच्या ह्यांनी ती पट्टी काय शोभेला शिवली होती का ग?"

"चुकलं, काकू."

"ते दिसतंय." त्यांनी वही माझ्यासमोर आपटली. "वेळ लिहायची राहिली. किती वाजले होते?"

"सव्वादोन."

"लिही मग. आणि जा घेऊन बाईंकडे. मी नाही नेणार."

मी सव्वादोन लिहिलं आणि गेले. बाईंनी उभ्या उभ्या वाचलं. माझं नाव यादीतून काढताना त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून काकू पुन्हा प्लेट्सच्या खोलीत आणि मी बाटल्यांच्या.

गेल्या महिन्यात निबंध छापून आला. काकूंचं नाव चौथं. त्या तो अंक घेऊन बाटल्यांच्या खोलीत माझ्याकडे आल्या, ओल्या ओट्यापासून लांब धरून म्हणाल्या, "पदवीधर, वाच ग मोठ्याने."

मी वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी नावं, काकूंचं दोनदा, कारण त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. त्या गेल्यावर मी नळ सोडला आणि पुढची बाटली घेतली. जळायचं अजून थांबलेलं नाही. परवाच मी एक नवी वही आणली आहे, निळ्या पुठ्ठ्याची, आणि तिच्यात पहिली ओळ लिहिली आहे, 'अजून जळते. चूक माझी.' तारखेसकट, वेळेसकट.