आईच्या बंदुकीतली चीर

मंडळी, आज दुपारी जे कळलं ते तुम्हालाही सांगायला हवं, म्हणून लिहितोय.

वरूडच्या आमच्या संत्र्याच्या बागेतली रानडुकरं पळवायला आई आजोबांच्या जुन्या दुनळी बंदुकीनं हवेत बार काढते. लायसन तिच्याच नावावर आहे. ती बुटकी, म्हणून बाबांनी खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता कापून आखूड केला होता. आजोबांची आठवण म्हणून तो पुन्हा मूळच्यासारखा करावा, असा माझा हट्ट. म्हणून आज आम्ही दोघं अमरावतीला बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे गेलो.

त्यांनी टॉर्च लावून नळीत पाहिलं आणि बंदूक आईपुढे धरली.

"काकू, मोठं काडतूस बसावं म्हणून कोणंतरी हे नळी आतून कोरली हाय. पातळ झाली, चीर गेली पाहा. शेवटचा बार कवा काढला?"

"परवा," आई म्हणाली.

"वाचले तुमी. तोंडावरच फुटली असती."

परवा मी तिच्या अगदी शेजारी उभा होतो.

"कोरलेलं भरून देता येईल?" मी विचारलं.

"नाही. हे आता उडवू नोका."

आईनं बंदूक परत हातात घेतली. मग म्हणाली, "दस्ता राहू दे तसाच. तुह्या बाबानं माह्या मापानं कापला हाय."

मी फक्त दस्त्याचाच विचार करत होतो. तुमच्याकडे अशी जुनी बंदूक असेल, तर तिची नळी शेवटची कधी तपासली होती?