टिळ्यावर मारलेला रंग

रेवा आणि निहार,

परवा फोनवर तुम्ही मला तुमच्या किनाऱ्यावरून समुद्रातल्या पवनचक्क्या दाखवल्या. मी सहज म्हणाले, की असली अवजड चक्की बोटीवर चढवायची तर बंदराचा धक्का फार मजबूत लागतो. निहार लगेच म्हणाला, "आजी, भिलाईला तर समुद्रच नाही. तुला काय माहीत?" तुमची आई हसली, मीही हसले. दुसऱ्या दिवशी एका घरगुती कामासाठी रसमड्याच्या कारखान्यांच्या वसाहतीकडे गेले, तर मी पूर्वी काम करायचे त्या आमच्या शेडमधली क्रेन उतरवून ट्रेलरवर लादत होते. तेव्हा ठरवलं, हे आता लिहायचं. शेड रिकामी झाली की तिथे काय घडलं हे कोणी विचारणार नाही. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण ह्यातली माणसं इंग्रजीत बोलत नव्हती. अडेल तिथे आईला विचारा.

काही वर्षांपूर्वी मी पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या यार्डात उभी होते. समोर आमच्याच शेडमध्ये तयार झालेला पोलादी पाइल आडवा ठेवलेला होता. पाइल म्हणजे मोठा नळा, आत वाकून शिरता येईल एवढा रुंद. असे नळे समुद्राच्या तळात उभे ठोकतात आणि त्यांच्या डोक्यावर धक्का बांधतात. हा धक्का साध्या मालासाठी नव्हता. समुद्रातल्या पवनचक्क्यांचे सुटे भाग इथे आणायचे, जोडायचे आणि इथूनच बोटीवर चढवायचे, असा बेत होता. म्हणून पाइल जास्त जाड आणि त्यावरचा रंगही खास, खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकणारा.

त्या रंगाला फोड आले होते.

बंदराचे इंजिनियर राव माझ्या शेजारी उभे होते. ते मला म्हणाले, "मॅडम, ये पेंट है या पापड़?"

पाइल अजून समुद्रात गेला नव्हता, फक्त किनाऱ्यावर पावसात आणि खाऱ्या हवेत पडून होता. तेवढ्यातच ही अवस्था. पाण्यात गेल्यावर काय झालं असतं ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी तिथे का होते ते सांगते. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या, म्हणजे आमच्या प्लांटच्या, क्वालिटी डिपार्टमेंटमधून रिटायर झाल्यावर मी रसमड्याला वानखेड्यांच्या शेडमध्ये कामाला लागले. वानखेडे शेडचे मालक, शेजारच्या दुर्गचे, तीन पिढ्यांपासून तिथलेच. माझ्यापेक्षा लहान, मला ताई म्हणायचे. पाइलची ऑर्डर ही त्यांची आतापर्यंतची सगळ्यात मोठी. धक्क्याचा दुसरा टप्पा पहिल्याच्या दुप्पट होणार होता आणि तोही मिळेल ह्या भरवशावर त्यांनी बाजूची जागा घेऊन नवी शेड उभारली होती. माणसं घेतली होती. प्लांटमध्ये ठेकेदारी कमी झाल्यापासून घरी बसलेले वेल्डर, फिटर, जवळच्या चरोद्याकडची मुलं, सगळी तिथे आली होती. दुसरा टप्पा गेला तर त्या शेडला दुसरं काही काम नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं. मी निघताना वानखेडे स्टेशनवर सोडायला आले आणि एवढंच म्हणाले, "ताई, पाहून या. पण सांभाळून या."

आता रंगाचं थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. पोलादावर रंग मारण्याआधी त्यावर जोराच्या हवेनं बारीक खडे मारतात. त्याला ब्लास्टिंग म्हणतात. गंज, तेल, मळ सगळं उडतं आणि खाली राखाडी, खरखरीत, अगदी कोरं लोखंड उरतं. ते इतकं कोरं असतं, की भिलाईच्या सप्टेंबरातल्या दमट हवेत काही तासांत पुन्हा तांबूस होऊ लागतं. म्हणून ब्लास्टिंग झालं की त्याच दिवशी रंग मारावाच लागतो. मध्ये एक तपासणी असते. लोखंडावर मीठ तर नाही ना हे बघायचं. मिठाचा कण रंगाखाली राहिला तर तो रंगातून हळूहळू पाणी ओढतो आणि फुगतो, खिरीतल्या मनुक्यासारखा. मग रंग उचलला जातो.

आमच्याकडे ही तपासणी नेहमी पास व्हायची. शेडमधली माणसं त्यावर हसायची. समुद्र इथून कुठे, मीठ येणार कुठून? मीसुद्धा रोज सकाळी ब्लास्टिंग झाल्यावर तपासणी करून सही करायचे आणि दिवसभरासाठी तो विषय संपायचा. कामाची पद्धतच तशी होती.

यार्डात मी सगळे पाइल फिरून पाहिले. ठोकून झालेले पाइल बोटीतून जाऊन पाहिले. बहुतेक ठीक होते. फोड यार्डातल्याच थोड्या पाइलना होते आणि सगळीकडे नव्हते. एका ठिकाणी, हातभर जागेत. तिथून खाली गोलाईवरून ओघळ उतरावा तसे बारीक फोडांचे पट्टे.

राव म्हणाले, "पेंटचा बॅच खराब असेल. असं होतं कधीकधी. तुम्ही तसं लिहून द्या, पेंट कंपनी बदलून देईल. तुम्हीपण सुटलात, मीपण सुटलो."

मी त्यांना थांबायला सांगितलं आणि एका पाइलजवळ खाली बसले. हातभर जागेत पाच लांबट फोड होते, शेजारी शेजारी. मधला जरा लांब, कडेचा आखूड. मी माझा उजवा हात त्यावर ठेवला. पाची बोटं पाची फोडांवर बसली.

तो हातच होता. पाच बोटांनी ओढलेला टिळा.

पाइलच्या टोकाशी रंग मारल्याची तारीख छापलेली असते. ती पाहिल्यावर दुसरं काही पाहायची गरज उरली नाही. विश्वकर्मा पूजेचा दिवस. भिलाईत त्या दिवशी काय असतं ते तुमच्या आईला विचारा. लहानपणी ती प्लांटमधला प्रसाद खायला हट्टानं यायची. त्या दिवशी यंत्रं धुऊन पुसून हार घालतात, दुपारी पूजा होते आणि मग सगळं काम बंद असतं. त्या वर्षी मी नव्हते. तुमच्या आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. सकाळची तपासणी असिस्टंटनं केली, ती पासही झाली. खरोखरच पास होती.

मी साहूला फोन लावला. साहू पेंट गँगचा फोरमन, जवळच्याच गावचा, प्रामाणिक आणि वेळेचा पक्का.

"साहू, पूजेच्या दिवशी पाइलवर नारळ फोडला होता का?"

"हाँ मैडम. वानखेडे साहब ने पहला फोड़ा. फिर सब गैंग बोले, हमारे पाइल पे भी होना. तो सबने अपना-अपना फोड़ा."

"आणि टिळा?"

"सिंदूर, तेल में. सब पे मैंने ही लगाया, अच्छे से."

"मग रंग मारायच्या आधी पुसलं नाही?"

तो छत्तीसगढीत बोलला. मनापासून बोलायचं असलं की तो हिंदी सोडायचा. "देवता के टीका ला कोन पोंछही, मैडम?"

देवाचा टिळा कोण पुसणार? कोणीच पुसला नव्हता. संध्याकाळपर्यंत लोखंड लाल पडलं असतं, म्हणून पूजेनंतर एकट्या पेंट गँगनं काम केलं आणि टिळ्यावरूनच, नारळाच्या पाण्यावरूनच, रंग मारला. नारळाच्या पाण्यात मीठही असतं आणि साखरही. वर तेल. रंग नीट दिसला. जाडी बरोबर आली. बाहेरून करायच्या सगळ्या तपासण्या पास झाल्या. इथे भिलाईत, समुद्रापासून इतक्या दूर, तो फोड कदाचित कधीच आला नसता.

मग वानखेड्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मले सांगा ताई, नारळानं कधी लोखंड सडते का?"

"लोखंड नाही सडत. रंग उचलतो."

"मग राव साहेब म्हणून राहिले तेच लिहा ना. पेंटचा दोष. त्या कंपनीले काय फरक पडते? मोठी कंपनी आहे."

"वानखेडे, त्याच बॅचचा रंग समुद्रात ठोकलेल्या पाइलनाही आहे. बॅच खराब लिहिला, की ते सगळे संशयात येतात. पाण्यातले पाइल उघडून तपासायचे कसे? काम बंद पडेल. आणि रंगाचा नमुना पेंट कंपनी तपासणारच. त्यात काही निघालं नाही, की सगळे पुन्हा आपल्याच दारात."

"अन् खरं लिहिलं तर?"

"तर फक्त त्या दिवशीचे पाइल."

"अन् दुसरा टप्पा?"

मी बोलायच्या आत तेच म्हणाले, "तुमाले माहीत आहे ना, ती नवी शेड मी कावून बांधली?"

"माहीत आहे."

"मग लिहा काय लिहायचं ते." आणि फोन ठेवला.

मी खरं ते लिहिलं. रावांनी वाचलं आणि कागद टेबलावर उलटा ठेवला. म्हणाले, "मॅडम, पहिला पाइल ठोकला तेव्हा आम्हीपण इथे नारळ फोडला. मी स्वतः फोडला. मला समजतं. पण हे वाचणारे, धक्क्याला पैसे देणारे लोक दुसरे आहेत. त्यांचा ऑडिटर मला विचारेल, तपासणी झाल्यावर आणि रंग मारण्याआधी ह्या लोखंडाला कोण कोण हात लावू शकतं? काय सांगू?"

"सांगा, की त्या दिवशी कोणीही लावू शकत होतं."

"तेच तर," ते म्हणाले.

दुरुस्ती आमच्याकडे आली. साहू आणि त्याची गँग बंदरावर आली, मशीन भाड्यानं घेतलं. जिथे जिथे टिळा तिथला रंग ब्लास्ट करून काढायचा, धुवायचं, मीठ तपासायचं, पुन्हा रंग मारायचा. साहूनं पहिल्यांदाच समुद्र पाहिला होता, पण त्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. पहिल्या पाइलपाशी तो हातात नळी घेऊन नुसता उभा राहिला.

"पाप लगही, मैडम."

"मी सांगते आहे म्हणून कर. लागलं तर मला लागेल."

"ऐसा नहीं होता मैडम. हाथ तो मेरा है." त्यानं पाइलला हात जोडले, तोंडावर मास्क ओढला आणि सुरुवात केली. रंग उडाला, खालचा सिंदूर क्षणभर लाल दिसला, मग तोही गेला. गँगमधले सगळे त्या दिवशी वेगवेगळे बसून जेवले. एरवी ही मंडळी जेवताना एकमेकांची टर उडवल्याशिवाय राहत नसत.

दुरुस्ती चांगली झाली. रावांनी तपासून पास केली. आमच्याकडे पद्धतही बदलली. ब्लास्टिंगनंतर पाइलला प्लास्टिक गुंडाळायचं, रंग मारण्याच्या अगदी आधी पुन्हा मीठ तपासायचं. पूजेसाठी प्लेटचा एक वेगळा तुकडा ठेवला. पुढच्या पूजेला नारळ त्याच्यावर फुटला. सगळे आले, पण प्रत्येक गँग आपापला नारळ घेऊन आली नाही. साहूनं टिळा एका बोटानं लावला.

दुसरा टप्पा समुद्रकाठच्या एका यार्डाला गेला. कारण एका ओळीत कळवलं होतं, आमच्या प्रोसेस कंट्रोलवर त्यांचं समाधान नव्हतं. वानखेड्यांनी मला ते दाखवलं आणि म्हणाले, "तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही, ताई." त्यानंतर ते मला ताई म्हणेनासे झाले, मॅडम म्हणू लागले. नवी शेड आधी बंद झाली. जुन्या शेडमध्ये काही दिवस गेट आणि रेलिंग बनत होती. वेल्डर एकेक करून रायपूर, नागपूरकडे गेले. मी काम सोडून भिलाईतल्या आपल्या वैशाली नगरच्या घरी बसले आणि पुन्हा कुठे कामाला लागले नाही.

तुम्ही दोघं पुढे कुठलंही काम केलंत तरी हे लक्षात ठेवा. तपासणीच्या कागदावरची सही ज्या घटकेला होते त्या घटकेपुरतीच खरी असते. आमची सकाळची सही सकाळपुरती खरी होती. दुपारी माणसं पूजा करणार हे सगळ्यांना वर्षभर आधी माहीत होतं आणि तरी कोणी ते कामाच्या पद्धतीत धरलं नव्हतं. खरं लिहिल्यानं ऑर्डर वाचते असंही नाही. आमची वाचली नाही.

एक सांगायचं राहिलं. एका पाइलवर टिळा अगदी खालच्या टोकाशी होता. तो भाग समुद्राच्या तळातल्या चिखलात खोल जाणार होता. तिथे हवा पोचत नाही, म्हणून गंज फारसा चढत नाही. रावांनी वाकून पाहिलं, साहूकडे पाहिलं आणि म्हणाले, "ये रहने दो." तो पाइल तसाच ठोकला गेला. धक्का आता उभा आहे आणि त्यावर बोटी लागतात. रसमड्याची शेड रिकामी आहे. चिखलाखाली, रंगाच्या आत, साहूच्या पाच बोटांचा टिळा अजून आहे.



तुमची आजी